सत्तेचाळीस तारांची रोजी

तुमची मुलगी काय करते, असं कुणी विचारलं की बरीच वर्षं मी "शिक्षिका आहे" एवढंच सांगायची. ते खोटं नव्हतं. आठवड्यातले चार दिवस ती शाळाशाळांतून मुलांना शिकवते. पण काय शिकवते, हा पुढचा प्रश्न येण्याआधीच मी चहा टाकायला उठायची. पाहुण्यांना वाटे, बाई फार अगत्याची आहे.

ती हार्प वाजवते. हार्प म्हणजे माणसाच्या उंचीचं, त्रिकोणी आकाराचं, उभ्या तारांचं वाद्य. सिनेमात परीच्या हातात दाखवतात तेच. परी ते एका हाताने उचलते. आमच्या घरातलं चाळीस किलोच्या आसपास भरतं आणि ते जिन्यावरून उतरवताना माझ्या नवऱ्याची कंबर दोनदा धरली आहे.

मी मूळची मिरजेची. सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी आमचं भाड्याचं घर होतं आणि अब्बा गल्लीतल्याच एका दुकानात कामाला होते. पंढरपूरकडून आलेले भोपळे दुकानाच्या माळ्यावर वाळत टांगलेले असायचे. मिरजेच्या या धंद्याची सुरुवात शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी केली. तलवारी-भाल्यांना धार लावणारे हात पुढे सतारी करू लागले, ही गोष्ट गल्लीतल्या प्रत्येक पोराला पाठ असते. अब्बांचं काम जवारीचं. घोडीवरून जाणारी तार नुसती टेकली तर सूर मुका, फार घासली तर फाटका. मधली ती केसाएवढी जागा कानसेने शोधायची. दिवसभर ते एकच तार छेडत, ऐकत, पुन्हा घासत. पण त्यांनी कधी एक पूर्ण गत वाजवल्याचं मला आठवत नाही. "हम बनानेवाले, बजानेवाले अलग," एवढंच म्हणायचे.

तरी त्यांनी मला चार वर्षं सतार शिकू दिली. गल्लीतल्या बाया आईला बोलायच्या. दर्ग्याच्या आवारात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे, उरुसात तिथे मोठमोठे गवई हजेरी लावतात, ते सगळ्यांना चालायचं. घरातल्या मुलीने सतार हातात धरणं ही वेगळी गोष्ट होती. १९८९ मध्ये माझं लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, "सासरी काढू नको." मी काढली नाही. सतार मात्र बरोबर नेली. नवरा डॉक्टर. पुढच्याच वर्षी आम्ही दक्षिण वेल्समध्ये आलो. इथल्या कोळसाखाणींच्या खोऱ्यांत आपल्याकडचे बरेच डॉक्टर आधीच येऊन स्थिरावले होते. सतार पलंगाखाली गेली.

मुलगी आठ वर्षांची असताना शाळेतून चिठ्ठी आली, कोणतं वाद्य शिकायचं आहे ते कळवा. तिने स्वतःच लिहून ठेवलं होतं, 'तेलिन'. वेल्श भाषेत हार्पला तेलिन म्हणतात. मला आपली मराठीतली तेलीणच आठवली. हे २००० साल. त्याच वर्षी प्रिन्स चार्ल्स यांनी शाही हार्पवादकाचं जुनं पद पुन्हा सुरू केलं आणि कॅट्रिन फिंच या तरुण वेल्श मुलीची नेमणूक केली. वर्तमानपत्रांत तिचे फोटो होते. वर्गातल्या अर्ध्या मुलींनी तेलिन लिहिलं असणार. टिकली आमचीच.

माझ्या सासऱ्यांना ते पसंत पडलं नाही. ते कोल्हापूरहून दर पंधरवड्याला फोन करत. त्यांनी कधी "बंद करा" म्हटलं नाही, पण सलाम-दुआ झाल्यावर हमखास विचारत, "ते अजून चालू आहे का?" जुन्या खोकल्याची चौकशी करावी तसं. वाद्यांच्या बाबतीत आपल्या उलेमांची मतं कडक आहेत, काहींची थोडी सैल आहेत. मी आलिम नाही, आणि या लेखातून कुणाकडून फतवा मागत नाही की देतही नाही. आमच्या घरात जे घडलं ते सांगते आहे.

त्या दिवसांत शेजारी एक वृद्ध वेल्श बाई राहायच्या, चॅपेलला नेमाने जाणाऱ्या. एकदा मी त्यांच्याजवळ मन मोकळं केलं, की आमच्याकडे मोठ्यांना हे आवडत नाही. मला वाटलं, त्या नवल करतील. त्या हसून म्हणाल्या, आमच्याकडे तरी कुठे आवडत होतं? अठराव्या शतकात वेल्समध्ये मेथडिस्ट प्रचारकांची मोठी लाट आली. नाच, फिडल, हार्प सगळं पापात जमा झालं आणि गावोगावच्या वादकांनी वाद्यं खाली ठेवली. एडवर्ड जोन्स नावाचा राजपुत्राच्या पदरी असलेला हार्पवादक होता, त्याने १८०२ साली छापलेल्या पुस्तकात या प्रचारकांवर राग काढला आहे. ज्या देशाचं हार्प हे राष्ट्रीय वाद्य म्हणवतात, त्या देशातही ते पलंगाखाली गेलं होतं तर! त्या रात्री सासऱ्यांचा फोन आला तेव्हा मला पहिल्यांदाच त्यांचा राग आला नाही. आपल्याच माणसांचं काहीतरी वेगळं आहे, हा सल मात्र कमी झाला.

आता या वाद्याबद्दल थोडं सांगते, कारण त्याशिवाय मुलीची नोकरी कळणार नाही.

मोठ्या हार्पला ४७ तारा असतात आणि खाली सात पायट्या. तारा पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांसारख्या, फक्त सात सुरांच्या. काळ्या पट्ट्यांचं काम पायांनी करायचं. प्रत्येक सुराची एक पायटी, तिला तीन खाचा. वरच्या खाचेत सूर कोमल, मधल्या खाचेत शुद्ध, खालच्या खाचेत चढा. ही दुहेरी यंत्रणा सेबास्तियाँ एरार या कारागिराने १८१० मध्ये बसवली आणि आजही मूळ तीच चालते. वाट चुकू नये म्हणून 'सी' सुराच्या सगळ्या तारा लाल आणि 'एफ'च्या काळ्या असतात. करंगळी आखूड पडते म्हणून वापरतच नाहीत. बघणाऱ्याला वर हात पाण्यासारखे हललेले दिसतात आणि खाली झग्याआड पाय शिवणयंत्रावर बसल्यासारखे धावत असतात. माझ्या मुलीने बाह्या कायम घट्ट शिवून घेतल्या, ओढणीची टोकं पिनेने बांधून टाकली आणि पायटी जाणवावी म्हणून पातळ तळव्याचे बूट शोधत फिरली. तिच्या बोटांच्या टोकांना पिठल्यासारखे फोड यायचे, मग घट्टे झाले.

मधल्या तारा तातीच्या असतात, जनावरांच्या आतड्याच्या, आपल्या सारंगीला असते तशी तात. हवा बदलली की त्या रुसतात. मध्यरात्री एखादी तुटली की बंदुकीचा बार झाल्यासारखा आवाज होतो. पहिल्यांदा तुटली तेव्हा नवरा काठी घेऊन खाली धावला होता.

लहान मुलं मोठ्या हार्पवर शिकत नाहीत. त्यांच्यासाठी पायट्यांऐवजी वरती खटके असलेलं छोटं हार्प असतं. आठ वर्षं ती त्यावर शिकली. मग कार्डिफच्या रॉयल वेल्श कॉलेजात प्रवेश मिळाला आणि मोठं वाद्य घेणं भाग पडलं. जुनं घेतलं तरी नव्या मोटारीएवढी किंमत. नवऱ्याने बचत मोडली, मी चार बांगड्या मोडल्या. आईला मिरजेला कळवलं नाही. बांगड्या तिने दिलेल्या होत्या. शिवाय जी मोटार होती ती विकून लांबलचक मागची दुसरी घ्यावी लागली. मोटारीच्या दुकानात मुलीने टेप काढून आधी मागची जागा मोजली, तेव्हा विक्रेता म्हणाला, बाई, आत काय निजवणार आहात?

तिची शिकवणारी बाई कडक होती. हार्पमध्येही घराणी असतात, हे तिच्याकडून कळलं. सालझेदो आणि ग्रँजनी हे दोघे पॅरिसला एकाच गुरूकडे, हासलमान्स यांच्याकडे शिकले. दोघांनी अमेरिकेत जाऊन शिष्य तयार केले. एकाच्या शिष्यांची कोपरं उचललेली, दुसऱ्याच्या शिष्यांचे हात निवांत. शिष्य आजही एकमेकांची नावं ठेवतात. मला तर एकदम घरी आल्यासारखं वाटलं!

त्याच बाईने व्हिएन्नाची गोष्ट सांगितली. तिथल्या जगप्रसिद्ध वाद्यवृंदात आना लेलकेस ही हार्पवादक वीसहून अधिक वर्षं वाजवत होती, पण वृंदाची सभासद नव्हती, कारण बायकांना सभासदत्व नव्हतं. दूरदर्शनवर कार्यक्रम दाखवताना कॅमेरा तिचे हात दाखवायचा, चेहरा नाही. १९९७ मध्ये तिला सभासद करून घेतलं. हे ऐकून आमची मुलगी मला म्हणाली, "अम्मी, आपल्याकडचेच तेवढे लोक नाहीत." मी म्हटलं, हो, पण आपल्याकडच्यांना मला चहा द्यावा लागतो.

कॉलेज संपलं आणि खरी परीक्षा सुरू झाली. माझी समजूत अशी होती की पदवी मिळाली की कुठल्यातरी वाद्यवृंदात नोकरी लागते. वाद्यवृंदात व्हायोलिनवाले तीस असतात, हार्पवाला एक, फार तर दोन. ती जागा माणूस निवृत्त होईपर्यंत रिकामी होत नाही. बाकीचे सगळे बोलावतील तिथे जातात. आमची मुलगी त्यातली. बोलावणं आलं की वाद्य मोटारीत, दोन तास प्रवास, सगळ्यांच्या आधी पोचून ४७ तारा लावायच्या. मग दीड तासाच्या कार्यक्रमात कधीकधी चारच मिनिटं वाजवायचं. उरलेला वेळ मात्रा मोजत बसायचं. शंभर मोजून एकशे एकाव्याला आली नाही तर सगळ्यांच्या माना वळतात.

डिसेंबर हा तिचा सुगीचा महिना. चायकोव्स्कीच्या 'नटक्रॅकर' मध्ये हार्पची एक लांब जागा आहे. ब्रिटनने १९४२ मध्ये मुलांच्या आवाजांसाठी आणि एकट्या हार्पसाठी नाताळची गाणी बांधली, ती तेव्हा दर चॅपेलात होतात. सासऱ्यांनी तेही विचारलं, "चर्चमध्ये?" मुलगी म्हणाली, "दादाजान, मी वाजवते, गात नाही." ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "थंडी आहे, स्वेटर घालून जा."

उन्हाळ्यात लग्नं. वऱ्हाडी येत असताना कोपऱ्यात बसून वाजवायचं. लोक गप्पा मारतात, ते चालतं. एका हॉटेलात लिफ्ट बंद होती आणि तिथल्या माणसाने तिला जिना दाखवला. दोन वेटरांना वीस-वीस पौंड देऊन तिने वाद्य वर नेलं, म्हणजे त्या दिवशीच्या कमाईतला चांगलाच तुकडा गेला. रमजान उन्हाळ्यात आला की पिशवीत खजूर ठेवून जाते. मगरिबची वेळ आणि नवऱ्या मुलीचं आगमन एकदा नेमकं जुळलं. एका हाताने सूर धरून ठेवत दुसऱ्या हाताने तिने खजूर तोंडात टाकला. हा तिचा सगळ्यात अवघड कार्यक्रम होता, असं ती सांगते.

पण यातून घर चालत नाही. घर चालतं शिकवण्यातून. शाळेत अर्ध्या अर्ध्या तासाचे मुलांचे वर्ग, तेवढ्याचेच पैसे. सुट्टी लागली की पैसेही सुट्टीवर. ती मुलांना पहिले सहा महिने जवळजवळ एकच गोष्ट शिकवते. बोट आधी तारेवर ठेव, मग ओढ, आणि ओढून झालं की बोट तळहातात मीट. मुलं मिटत नाहीत, हवेत सोडून देतात, आणि सूर पातळ येतो. "मीट, मीट, मीट." दिवसातून किती वेळा म्हणत असेल कोण जाणे. दाराबाहेर बसून ऐकताना मला अब्बांची कानस आठवायची. तीच तार, तेच ऐकणं, पुन्हा तेच.

२०१६ मध्ये आम्ही मिरजेला गेलो तेव्हा ती प्रवासात नेता येईल असं छोटं हार्प घेऊन आली. अब्बा ऐंशीच्या पुढे गेलेले, नजर अधू. त्यांनी ते मांडीवर आडवं घेतलं, पोटावर टकटक केली, तारांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "घोडी किधर है?" हार्पला घोडी नसते. सतारीची तार पोटाला समांतर जाते आणि घोडीवर टेकते, हार्पची तार थेट पोटातून उभी निघते. हे कळल्यावर अब्बा किती वेळ हसत राहिले. "जवारीच नाही! मग माझ्यासारख्याने उपाशी मरायचं की!" नातीने सांगितलं, या तारांचा ताण एवढा असतो की मोठ्या हार्पचं लाकडी पोट वर्षानुवर्षं फुगत जातं आणि शेवटी बदलावं लागतं. त्यावर ते गंभीर झाले. म्हणाले, "मतलब जान पेट में है." मग म्हणाले, "बजा." तिने एक वेल्श धून वाजवली. वेल्समध्ये एक जुनी रीत आहे. हार्पवर एक धून सुरू होते, गाणारा थोडा थांबून दुसरीच चाल धरतो, आणि दोघं एकाच जागी येऊन संपतात. ती वाजवत गात होती. शेवटी दोन्ही चाली जिथे मिळाल्या तिथे अब्बांनी समेवर मान हलवली. भाषेचा एक शब्द कळत नव्हता, सम कळली.

त्यानंतर फोनवर ते नेहमी तिचीच चौकशी करत. कॅट्रिन फिंच आणि सेनेगलचा सेकू केइटा यांचा कार्यक्रम आम्ही ऐकला, तो मी त्यांना मुद्दाम सांगितला. केइटा कोरा वाजवतो. पश्चिम आफ्रिकेतल्या पिढीजात गायक-वादकांच्या मुस्लिम घराण्यांचं हे वाद्य. अर्धा भोपळा, त्यावर कातडं, वर वीस-बावीस तारा. मी म्हटलं, "अब्बा, इथे भोपळ्याचं वाद्य आलं होतं." त्यांनी पहिला प्रश्न केला, "भोपळा कुठला?" २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा ते नव्हते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. २०१८ मध्ये मुलीला बर्मिंगहॅमहून स्थळ आलं. चांगलं घर, मुलगा अभियंता, नमाजी, बोलायला नम्र. मुलाची आई माझ्याशी स्वयंपाकघरात बोलल्या. म्हणाल्या, शिकवणं आम्हाला मान्य आहे, मुलींना घरी शिकवू दे, पण निकाहनंतर लोकांसमोर वाजवणं नको. त्यांच्या बोलण्यात कुठेही उद्धटपणा नव्हता. मला ते वाजवी वाटलं, खरं सांगते. रात्री मी मुलीला समजावलं. शिकवणं तर राहतंय ना, अर्धं तरी हातात राहतंय. माझं तेवढंही राहिलं नव्हतं.

तिने विचारलं, "अम्मी, मी वाजवायचं बंद केलं तर पाच वर्षांनी मुलांना काय शिकवू?"

मी म्हटलं, येतं ते जात नाही.

ती उठली, पलंगाखालून सतारीची पेटी ओढून काढली आणि माझ्यासमोर उघडली. एकोणतीस वर्षांत मी ती तीन-चारदाच उघडली असेन. तारांना गंज चढला होता. ती काही बोलली नाही, मीही नाही. मी मिजराब बोटात घालायला गेले तर ती बसेना. बोट जाड झालं होतं.

स्थळाला नकार कळवायचं काम मी केलं. सहा महिने आमच्यात नीट बोलणं नव्हतं, कारण मनातून मला अजूनही वाटत होतं की चूक झाली. तिचं लग्न अजून झालेलं नाही. सासऱ्यांच्या इंतकालानंतर आता फोनवर ते विचारणारं कुणी नाही, नणंदा विचारतात, वेगळ्या शब्दांत. रात्री झोप लागत नाही तेव्हा मला तो अभियंता आठवतो. त्याला आता दोन मुलं आहेत.

२०२० च्या मार्चमध्ये तिची वर्षभराची सगळी लग्नं आणि कार्यक्रम पंधरा दिवसांत रद्द झाले. शिकवण्या संगणकावर आल्या. हार्पचा सूर छेडल्यावर हळूहळू विरत जातो, आणि संगणकाला तो विरणारा भाग गोंगाट वाटतो, तो कापून टाकतो. मुलांना नुसते ठोके ऐकू जायचे. ती तरी शिकवत राहिली. वर्गात ज्या मुलांच्या बोटांकडे तिने हजारदा पाहिलं होतं, ती बोटं पडद्यावर पाहून ती सूर ओळखायची. त्या वर्षी घरात आलेले तिचे सगळे पैसे शिकवण्याचे होते.

मागच्या शनिवारी तिच्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम झाला, एका जुन्या चॅपेलच्या इमारतीत. आता ते सभागृह आहे. अकरा मुलं, सगळ्यात लहान सात वर्षांची. माझ्या शेजारी एक सोमाली बाई बसल्या होत्या, त्यांची मुलगी शेवटून दुसरी वाजवणार होती. त्यांनी आधी सलाम केला, मग हळूच विचारलं, "ती बाई तुमची मुलगी ना? हिला पुढे शिकवावं म्हणतोय. यात पोट भरतं का?"

मी चहाला उठले नाही. उठायला चहा नव्हताच म्हणा. मी त्यांना सगळं सांगितलं. अर्ध्या तासाचे किती मिळतात, ऑगस्टमध्ये काहीच कसं मिळत नाही, तारांना वर्षाला किती लागतात, मोटार कोणती घ्यावी लागेल. लग्नाच्या स्थळांचंही सांगितलं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. मधेच त्यांच्या मुलीचं नाव पुकारलं गेलं आणि आम्ही दोघी गप्प झालो. पोरीने पहिल्याच सुराला बोट हवेत सोडलं. मंचाच्या कडेला उभ्या माझ्या मुलीने नुसती मूठ मिटून दाखवली. पुढचा सूर भरून आला.

कार्यक्रम संपल्यावर मुलगी म्हणाली, "अम्मी, पायरीवर जरा हात लाव." तिने वरून खांदा दिला. मी खालून धरलं.